बंदुकीची ओळख आणि काडतुसाची खूण

(नवागाम, सुरत येथील मराठी रहिवासी, शिक्षक, गृहरक्षक व सुरक्षारक्षक यांच्यासमोर एका सेवानिवृत्त पोलीस आर्मररने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खानदेशातून ताप्तीकाठच्या रेल्वेने सुरतेस येऊन येथेच घर केलेली माणसे नवागाम, डिंडोली, उधना या भागांत किती आहेत, हे मी आपणांस सांगावयास नको. मीही आज सकाळी त्याच गाडीने आलो. गाडीत शेजारी बसलेले गृहस्थ एका बँकेत रखवालदार निघाले. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या परवान्यावर बारा बोरची दुनाळी घेतली आणि तिच्या आधारावर ही नोकरी मिळवली. काडतुसे कोठे ठेवता, असे मी विचारले. "घरी, कपाटातल्या डब्यात," ते म्हणाले. डब्यात आणखी काय आहे, असे विचारल्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, "वडिलांची जुनी काडतुसेही त्यातच आहेत. त्यांची बंदूक निराळी होती." आजच्या भाषणाची प्रस्तावना मी वहीत लिहून आणली होती, ती वाचण्याची आता आवश्यकता राहिली नाही.

निरनिराळ्या मापांची शस्त्रे एका छताखाली असली, म्हणजे त्यांना कोणत्या खुणा कराव्यात, हा माझा विषय. ऐकताना तो क्षुल्लक वाटतो. पस्तीस वर्षे शस्त्रागारात काढलेल्या मनुष्याला तो तसा वाटत नाही.

प्रथम मापाची भाषा समजून घेऊ. 'बारा बोर' म्हणजे बारा काय, असा प्रश्न मी पुष्कळ परवानाधारकांना विचारीत असे. कोणी बारा सूत म्हणे, कोणी बारा मिलिमीटर. खरे उत्तर असे की, एक पौंड शिसे घेऊन त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोरची. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोरची नळी बारा बोरपेक्षा अरुंद. आकडा वाढला की तोंड लहान होते, हे येथील उलटे गणित आहे आणि निम्म्या चुका त्यातूनच उपजतात. बारा बोरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर, सोळा बोरची पावणेसतरा आणि वीस बोरची साडेपंधरा मिलिमीटरच्या किंचित वर असते. या साऱ्या पंगतीत चारशे दहा मात्र वेगळी बसते. तो आकडा गोळ्यांचा नव्हे. इंचाचे हजार भाग कल्पून त्यातले चारशे दहा, म्हणजे सुमारे साडेदहा मिलिमीटर रुंदी, असा त्याचा अर्थ आहे.

जुन्या काळी हा घोटाळा होत नसे. तोड्याच्या बंदुकीबरोबर गोळीचा साचाही येई. ज्याची बंदूक त्याचा साचा, आणि ज्याचा साचा त्याचीच गोळी. ठासणीच्या बंदुकीतही दारू आणि छर्रे मालकाच्या हातानेच नळीत जात. तयार काडतूस कारखान्यातून आले, तेव्हा सोय झाली. पण बंदूक आणि तिचा दाणा यांची ताटातूटही तेव्हाच झाली. काडतूस एका दुकानातून, बंदूक दुसऱ्या गावाहून आणि चालवणारा तिसराच. या तिघांची गाठ चुकू नये म्हणून खूण लागते.

आता एक हकीकत सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वीची आहे. ठाण्याचे नाव, गावाचे नाव सांगत नाही. माणसाचे तर नाहीच.

निवडणूक जाहीर झाली की परवान्यावरची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेण्याची पद्धत आपणांस ठाऊक आहे. त्या वर्षी माझ्या ठाण्यात सत्तावीस बंदुका जमा झाल्या. एकाच वाडीतील दोन शेजारी एकाच दिवशी आले. एकाची दुनाळी बारा बोरची, दुसऱ्याची एकनळी वीस बोरची. दोघांनी काडतुसेही जमा केली. मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या सुतळीने बांधल्या आणि शाईच्या पेनाने नावे लिहिली. पुढे पावसाळी हवा आली. बंदुकांना तेल लावताना ते पुठ्ठ्यांना लागले आणि शाई पसरली. काडतुसांच्या दोन पिशव्या एकाच फळीवर होत्या, दोन्ही खाकी कापडाच्या, आणि काडतुसे दोहोंतही तांबड्याच रंगाची. शस्त्रे परत द्यावयाच्या दिवशी गर्दी होती. एका पिशवीची चिठ्ठी गळून पडली होती. फळीवर खाली सांडलेली सहा-सात काडतुसे मी जवळच्या पिशवीत टाकली. ती जवळची पिशवी बारा बोरवाल्याची होती.

महिन्याभराने रात्री रानडुकरे उभ्या ज्वारीत शिरली. तो मनुष्य परवान्याची बंदूक घेऊन बांधावर गेला. अंधारात पिशवीत हात घालून एक काडतूस उजव्या नळीत टाकले. ते वीस बोरचे होते. वीस बोरचे काडतूस बारा बोरच्या चेंबरमध्ये अडत नाही, सरळ आत घसरते आणि नळी जेथे निमुळती होते तेथे त्याच्या बुडाची कड अडकून बसते. मागून पाहिले तर चेंबर रिकामे दिसते. त्याला वाटले, टाकावयाचे राहिलेच. त्याने दुसरे काडतूस घातले. हे बारा बोरचे होते. ते नीट बसले, बंदूक नीट मिटली आणि त्याने चाप ओढला.

पुढच्या काडतुसाने नळी बुजलेली होती. नळीखाली त्याचा डावा हात होता. त्या हाताची दोन बोटे गेली, तिसरे वाकडे राहिले. डोळा वाचला, तो केवळ दैवाने. चौकशी झाली. अहवालात परवानाधारकाचा निष्काळजीपणा असे लिहिले गेले आणि त्यावर सर्वांच्या सह्या झाल्या. माझीही झाली. सांडलेली काडतुसे पिशवीत मी टाकली होती, हे मला त्या दिवशीही ठाऊक होते. कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्या मनुष्याच्या दारी जाऊन हे मी सेवानिवृत्तीनंतर सांगितले. त्याने चहा पाजला. "तुम्ही तेव्हाच सांगितले असते तर माझा परवाना गेला नसता," एवढेच तो म्हणाला.

त्या दिवसापासून पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि शाई मी शस्त्रागारात येऊ दिली नाही.

वीस आणि बारा बोरचा हा अपघात जगात सर्वत्र घडत आला आहे. म्हणूनच अमेरिकेतील काडतूस कारखानदारांनी वीस बोरच्या काडतुसाला पिवळा रंग देण्याचा संकेत पाळला आणि इतर देशांतील बहुतेक कारखान्यांनी तो उचलला. बारा बोरला पिवळा रंग सहसा देत नाहीत. तरीही हा संकेतच आहे. जुनी काडतुसे तो पाळीत नाहीत आणि रात्री पिवळे व तांबडे सारखेच काळे दिसते. यास्तव मी एक फळी करून ठेवली आहे. साध्या सागाच्या फळीला एकवीस मिलिमीटरचे एक भोक पाडले आहे. बारा बोरच्या काडतुसाच्या बुडाची कड सुमारे साडेबावीस मिलिमीटर असते, ती या भोकात अडते. वीस बोरचे खडखडत पार होते. सोळा बोरचेही, अगदी चाटून का होईना, पार होते. ज्याच्याकडे बारा बोरची बंदूक आहे त्याने एवढेच लक्षात ठेवावे: जे काडतूस या भोकातून खाली पडले ते आपले नव्हे. फळी करण्यास सुताराला पाच मिनिटे लागतात.

काडतुसाच्या तोंडावर जो आकडा छापलेला असतो तो बोरचा नव्हे, हेही येथेच सांगतो. तोंडावर चार, सहा असे आकडे किंवा एल.जी., एस.जी., बी.बी. अशी अक्षरे असतात. ती छर्र्यांची जात दाखवतात. बोर पाहावयाचा तो पितळी बुडावर. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे लांबी. बारा बोरच्या काही बंदुकांचे चेंबर पासष्ट मिलिमीटर, तर काहींचे सत्तर मिलिमीटर असते. सत्तरचे काडतूस पासष्टच्या चेंबरमध्ये अगदी सुखाने बसते, कारण भरलेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असते आणि छापलेली लांबी तोंड उलगडल्यानंतरची असते. उडताना तोंडाला पूर्ण उलगडण्यास जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. सबब दुनाळी बंदूक नुसती बारा बोरची आहे असे म्हणून भागत नाही. नळीच्या खालच्या सपाट भागावर चेंबरची लांबी ठोकलेली असते, ती वाचून परवान्याच्या पाठीमागे टिपून ठेवावी.

आता रायफलीकडे वळू. येथे गृहरक्षक दलातील व पोलीस खात्यातून निवृत्त झालेले पुष्कळ जण बसले आहेत. थ्री नॉट थ्री म्हटले की त्यांचे खांदे अजूनही ताठ होतात. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला रीतसर निरोप दिला, तेव्हा वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहून आमच्या घरीही थोडी शांतता पसरली होती. महाराष्ट्रात २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर या रायफलीवर जी टीका झाली तीही आपण ऐकली आहे. तिच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मला सांगावयाचे आहे ते तिच्या जुळ्या बहिणीविषयी.

१९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या रायफल कारखान्याने त्याच जुन्या घडणीची, पण ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसाची रायफल काढली. प्रथम टू-ए आणि सुमारे १९६५ पासून टू-ए-वन. जुन्या ३०३ चा साचा, तसाच दस्ता, तसाच बोल्ट, नाकाशी तोच चपटा पत्रा. दहा पावलांवरून दोघींत फरक कळत नाही. जवळून पाहिले तर मॅगझिन अधिक चौकोनी दिसते, टू-ए-वनची दुर्बीणपट्टी दोन हजाराऐवजी आठशेपर्यंत आखलेली असते आणि दस्त्याला लागून असलेल्या लोखंडी कड्यावर मापासह पूर्ण नाव ठोकलेले असते. पण रांगेत उभ्या केलेल्या शंभर रायफलींत, कंदिलाच्या उजेडात, ते नाव कोण वाचणार?

३०३ चे काडतूस छप्पन्न मिलिमीटर लांब आणि बुडाला बाहेर आलेली कड असलेले. ७.६२ चे एक्कावन्न मिलिमीटर आणि कड नसलेले. एकाचे काडतूस दुसरीत बहुधा पुरते बसतच नाही. हट्टाने बोल्ट ढकलला तर अडकून बसते. म्हणजे येथे स्फोटापेक्षा अडकण्याचा धोका मोठा. पण ज्या घटकेस पहाऱ्यावरच्या शिपायाला रायफल हवी, त्याच घटकेस ती अडकली, तर त्या अडकण्याला किरकोळ म्हणता येणार नाही.

बरे, ७.६२ म्हटले की सगळे कळले, असेही नाही. त्याच खोलीत ए.के. रायफल आली आणि तिचेही माप ७.६२ निघाले. मात्र तिचे काडतूस एकोणचाळीस मिलिमीटरचे. "७.६२ ची एक पेटी दे," असे मी स्वतः अनेकदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी "कोणती?" असे उलट विचारले आहे. वरिष्ठांना ते आवडत नसे. पण गोळीची रुंदी हे निम्मे नाव आहे; कवचाची लांबी जोडली म्हणजे पूर्ण नाव होते. ७.६२ गुणिले ५१, ७.६२ गुणिले ३९, आणि इन्सासचे ५.५६ गुणिले ४५. नोंदवहीत, पेटीवर, मागणीपत्रात पूर्ण नावच लिहावे. मनुष्याला आपण आडनावावाचून समन्स काढीत नाही.

कधी आकड्याचा दुसरा भाग लांबीचा नसतो, एवढी दक्षता घ्यावी. थर्टी-नॉट-सिक्स या नावातील 'सहा' हा १९०६ या वर्षाचा आहे. असल्या नावांचा अर्थ लावत बसू नये. जसे छापले तसे उतरून घ्यावे.

याच थर्टी-नॉट-सिक्सवरून रंगाच्या पट्ट्याचा एक मासलेवाईक इतिहास सांगण्यासारखा आहे. १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेतल्यावर इंग्लंडला शस्त्रांचा तुटवडा पडला. अमेरिकेकडून जुन्या, १९१७ च्या नमुन्याच्या रायफली आल्या आणि त्या तेथील होमगार्डना वाटल्या गेल्या. इंग्रजांच्या स्वतःच्या एका रायफलीवरूनच अमेरिकनांनी त्या बनविल्या होत्या, त्यामुळे दिसण्यात दोन्ही सारख्याच. एक ३०३ ची, एक थर्टी-नॉट-सिक्सची. खेडेगावचे शिक्षक, शेतकरी, पोस्टमन अशा मंडळींच्या हाती ती देताना उपाय काय केला? पुढच्या लाकडावर सुमारे दोन इंच रुंदीचा तांबडा पट्टा ओढला. काही रायफलींवर त्या पट्ट्यावर मापाचा आकडाही रंगविला. लिहिता-वाचता येण्याची अट नाही, वेळ लागत नाही, दुरून दिसते. तसल्या रायफली संग्रहालयांत आजही तांबड्या पट्ट्यासह आढळतात.

आपल्याकडेही पट्ट्याची पद्धत आहे. येथे बसलेल्या ज्या शिक्षकांकडे राष्ट्रीय छात्रसेनेचे काम आहे, त्यांनी कवायतीच्या रायफलीवर 'डी.पी.' ही अक्षरे पाहिली असतील. अशा रायफलीचे चेंबर छेदलेले असते आणि ती केवळ कवायतीसाठी असते. तिच्यावर पट्टे ओढलेले दिसतात ते याचसाठी. सरावाची खोटी काडतुसेही कवचाला भोके पाडून दिलेली असतात. कवायतीची आणि नेमबाजीची रायफल यांना एका खोलीत, एका रांगेत ठेवू नये, असे मी प्रत्येक शाळेत सांगत आलो. शाळेत जागा नसते हे मलाही ठाऊक आहे. जागा नसेल तर निदान दोन निराळ्या रंगांचे दोन गज असावेत.

पोलिसांच्या जुन्या ४१० मस्केटविषयी दोन शब्द. जुन्या ३०३ रायफलीचीच नळी रुंद व गुळगुळीत करून ती पहारेकऱ्यांसाठी बनवीत आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून ती एकेरी करीत. सरकारी रायफलीचा दाणा पहारेकऱ्याच्या हाती असू नये, हा त्यातील हेतू. नागरिकांच्या बाबतीतही तेच. ३०३ नागरिकांना मना, म्हणून इशापूरने .३१५ ची शिकारी रायफल काढली. सरकारी काडतूस चोरीस गेले तरी तीत चालू नये, अशी योजना. म्हणजे पाहा, मापच निराळे ठेवणे ही सरकारने केलेली एक खूणच होती. मात्र मस्केट आणि ३०३ शेजारी उभ्या केल्या की नव्या शिपायाने नळीच्या तोंडाशी वाकून पाहिल्याशिवाय त्याला त्या ओळखता येत नसत. आणि नळीच्या तोंडाशी वाकून पाहणे ही सवय मी कोणालाही लावू इच्छीत नाही.

आता खूण करावी कशी? येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चुकीची खूण नसलेल्या खुणेपेक्षा वाईट.

पहिली गोष्ट, लोखंडाला हात लावू नये. कारखान्याने ठोकलेले नाव, क्रमांक, चाचणीची मुद्रा यांतील काहीही घासणे, बुजविणे वा बदलणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय नळीवर स्वतःचा ठसा हातोडीने ठोकला तर आतून उंचवटा येतो. आपले चिन्ह लाकडावर किंवा पट्ट्यावर असावे. लाकडावरही कोरू नये. खाच पडली की दस्ता तेथेच तडकतो. चिकटपट्टीही लोखंडाला लावू नये. सुरतेची हवा समुद्राची आहे. पट्टीखाली ओल धरते आणि दोन महिन्यांत त्या आकाराचा गंज उमटतो. तो मी पुष्कळ पुसला आहे.

दस्त्याच्या मागील भागावर, गालाला लागणार नाही अशा ठिकाणी, एनॅमल रंगाचा तीन बोटे रुंद पट्टा द्यावा. त्याआधी लाकडावरील तेल सोड्याच्या पाण्याने काढून लाकूड पूर्ण वाळवावे, नाही तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. तोच रंग काडतुसांच्या पेटीला, त्याच रंगाचा पट्टा कमरेच्या पिशवीला आणि तोच रंग भिंतीवरील घोडीला, म्हणजे ज्यावर रायफली टेकवतात त्या चौकटीला. चारही ठिकाणी एकच रंग असल्याशिवाय या खटपटीचा उपयोग नाही. बंदुकीला हिरवा आणि पेटीला काहीच नाही, असे मी पाहिले आहे. काडतुसाच्या टोकाला मात्र आपण होऊन कधी रंग लावू नये. प्रकाशगोळीसारख्या काडतुसांच्या टोकांना कारखान्याचे स्वतःचे रंग असतात आणि त्यांचा अर्थ निराळा असतो.

रंग कोणता घ्यावा? तांबडा आणि हिरवा ही जोडी टाळावी. काही पुरुषांना हे दोन रंग निराळे दिसत नाहीत आणि त्यांना स्वतःलाही ते पुष्कळदा ठाऊक नसते. माझ्या हाताखालचा एक अत्यंत हुशार शिपाई वर्षभर पेट्या बरोबर लावीत असे. पुढे कळले की तो रंगाने नव्हे, पेटीच्या पोच्यावरून ओळखत होता. पेट्या बदलल्या त्या दिवशी सगळे उलटे झाले. पांढरा, पिवळा, निळा हे रंग चांगले. आणि रंगासोबत पट्ट्यांची संख्याही निराळी ठेवावी: एका मापाला एक पट्टा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

संख्येचा खरा उपयोग अंधारात. वीज गेली, कंदील नाही, अशा वेळी बोटांना कळेल अशी खूण पाहिजे. त्यासाठी मी पट्ट्याच्या कडेला, खांद्याला अडकवावयाच्या सुती पट्ट्यावर, मेणाच्या दोऱ्याच्या गाठी मारून घेत असे. एक गाठ ३०३, दोन गाठी ७.६२ गुणिले ५१, असे. पेटीच्या कडीलाही तितक्याच गाठींची दोरी. नव्या भरतीच्या मुलांना डोळे बांधून मी रायफल आणि पेटी जोडावयास लावी. ती हसत असत; मीही हसू देई. हसत शिकलेले विसरत नाही.

नाव लिहावयाचे असेल तर पितळी बिल्ल्यावर ठोकून लिहावे आणि बिल्ला पट्ट्याच्या कडीला अडकवावा. चापाच्या कमानीला काहीही बांधू नये. येथे, नवागामात, एक विशेष अडचण आहे. मराठी, गुजराती आणि इंग्रजी असे तीन प्रकारचे आकडे एकाच भिंतीवर चालतात. आपला मराठी 'एक' इंग्रजी वाचणाराला नऊसारखा दिसतो. 'बारा' असे आपण मराठी आकड्यांत लिहिले, तर परप्रांतीय रखवालदार ते ब्याण्णव वाचेल. म्हणून बिल्ल्यावर कारखान्याच्या ठशात आहेत तेच इंग्रजी आकडे घ्यावेत आणि खाली आपल्या लिपीत अक्षरांनी 'बारा' लिहावे. दशांशाचे टिंबही विसरू नये. टिंब नसलेला बावीस आणि टिंब असलेला बावीस, यांतील दुसरीच नेमबाजीची छोटी रायफल असते. हिशेबनिसाला पहिल्यावरून काय समजेल ते त्यालाच ठाऊक.

घरी परवान्याची बंदूक असणारांना एवढ्या सामग्रीची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात. दोन असली तर दोन कुलुपे, दोन डबे, दोन रंग. वडिलांच्या, चुलत्यांच्या बंदुकीची शिल्लक काडतुसे घरात राहू देऊ नयेत; ज्या शस्त्राचा परवाना आपल्याकडे नाही त्याचे काडतूस बाळगणे कायद्यानेही चालत नाही. ती विहिरीत टाकू नयेत, चुलीत तर नाहीच; ठाण्यात नेऊन पावती घ्यावी. निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा करताना काडतुसे मोजून, त्यांच्या बुडावरचा मजकूर पावतीत लिहवून घ्या. परत घेताना तेथेच, टेबलावर ओतून, एकेक करून फळीच्या भोकावर लावून पाहा. ठाण्यातील मनुष्य घाई करील. मीही केली होती. तुम्ही हलू नका.

बुडावरचा मजकूर वाचता यावा म्हणून एवढे सांगून ठेवतो. पुण्याजवळच्या खडकी कारखान्याच्या काडतुसांवर के.एफ. ही अक्षरे आणि आपल्या भुसावळजवळच्या वरणगाव कारखान्याच्या काडतुसांवर ओ.एफ.व्ही. अशी अक्षरे आढळतात. शेजारी बहुधा वर्षाचे दोन आकडे असतात. खडकीचा कारखाना १८६९ चा, वरणगावचा १९६० नंतरचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. या सभेत ज्यांचे काका-मामा वरणगावात कामाला होते असे किमान पाच-सहा जण असतील, असा माझा अंदाज आहे. हात वर करा पाहू. सात. त्या सात जणांना काडतुसाचे बूड मी समजावून सांगणे म्हणजे ताप्तीला पाणी घालणे होय.

माझ्या मागील टेबलावर फळी ठेवली आहे, शेजारी भोके पाडलेली, दारू काढलेली सरावाची काडतुसे आहेत: बारा, सोळा, वीस बोरची, ३०३ ची आणि ७.६२ ची दोन्ही. मुख्याध्यापकांनी दोन रुमाल दिले आहेत. ज्यांना डोळे बांधून पाहावयाचे असेल त्यांनी दोघादोघांनी पुढे यावे. सकाळच्या गाडीतील गृहस्थ शेवटच्या रांगेत बसलेले मला दिसत आहेत. घरून डबा आणावयास त्यांनी मुलाला पाठवले आहे असे कळते. तो येईपर्यंत सुरुवात करू.